सातव्या पहाटेचं पाणी

१

पौष पौर्णिमेच्या सकाळी सात वाजता पंडित सोमेश्वरांच्या बंगल्यातून मैना तांडेलने जी आरोळी ठोकली, ती म्हणे थेट डहाणूच्या पारनाक्यापर्यंत ऐकू गेली. खोटं असेल, पण नरपड गावात कुणालाही विचारा, नाही म्हणणार नाही. मैनाचं तोंडच तसं. सुकी मासळी विकण्यात चाळीस वर्षं काढलेली बाई. जे दिसेल ते बोलणार, आणि बोलली की अख्ख्या बाजाराला कळणार.

आत गाण्याच्या खोलीत पंडितजी उताणे पडले होते. डोकं उंबऱ्याच्या दगडावर, दगडावर रक्त. शेजारी रुद्रवीणा आडवी, तिचा एक भोपळा फुटलेला.

पंडितजी म्हणजे साधं नाव नव्हे. तीन वर्षांपूर्वी, २०१४ साली, हॉलंडमधल्या एका कंपनीने याच खोलीत त्यांची वीणा रेकॉर्ड करून जगभर विकली होती. वीणेचा आवाज बारीक, म्हणून माईक फार वाढवून ठेवावा लागतो. त्यात खिडकीबाहेरचा समुद्रही रेकॉर्डमध्ये उतरला, आणि गोऱ्या लोकांना वीणेइतकाच तो समुद्र आवडला. म्हणून यंदा 'सात पहाटां'चा करार झाला होता. अष्टमी ते पौर्णिमा, मधे एका तिथीचा क्षय म्हणून सातच पहाटा, रोज सूर्योदयाआधी एक राग, त्याच खोलीत, खिडकी उघडी ठेवून. सातवी पहाट झाली आणि पंडितजीच आटोपले.

त्या दिवशी मैना पहाटे पाचलाच टोपली घेऊन किनाऱ्यावर उतरली होती. पुनवेला पहाटे पाणी पार लांब जातं, तेव्हा गावच्या बाया चिखलात शिंपल्या वेचायला जातात. साडेपाचच्या सुमारास तिची मुलगी वर्षा येऊन मिळाली. कधी आली ते मैनाला कळलंच नाही. अंधारात एकदम शेजारी उभी.

"अगं बये! मांजरासारखी आलीस ती! आणि हे काय, नवी साडी नेसून चिखलात? शिंपल्या वेचायला आलीस की नवरा?"

"जुन्या ओल्या होत्या," वर्षा म्हणाली आणि खाली वाकली. थोड्या वेळाने डोकं दुखतंय म्हणून घरी निघून गेली.

सातला परतताना मैना पंडितजींच्या चिकूच्या वाडीतून चालली होती. तेवढ्यात बंगल्याच्या मागच्या दारातून शुक्रा बाहेर पडला. शुक्रा हा त्या वाडीचा राखणदार. खांद्यावरच्या टॉवेलला रक्त, उजवी मूठ गच्च मिटलेली. मैनाने हाक मारली तरी थांबला नाही, विहिरीच्या अंगाला गेला. तेव्हा मैना आत शिरली आणि मग ती आरोळी.

दुपारी फौजदाराने विचारलं, मैनाने जसंच्या तसं सांगितलं. रक्त सांगितलं, मूठ सांगितली, विचारलं नव्हतं तेही सांगितलं. संध्याकाळी शुक्राला बेड्या पडल्या.

२

आता शुक्राच्या विरुद्ध काय कमी होतं? आदल्याच पहाटे त्याने चिकूवरची वटवाघळं हाकायला पत्र्याचा डबा बडवला आणि रेकॉर्डिंग बिघडलं. पंडितजींनी त्याला चार मजुरांसमोर थोबाडीत मारली. "माझा सूर समुद्रापलीकडे जायचाय आणि हा मेला डबे बडवतोय!" असं ओरडले. शुक्राने गाल चोळला आणि निघून गेला. हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

डॉक्टर म्हणाले, मरण पहाटे चार ते सातच्या मधलं. त्याहून नेमकी वेळ दिली ती भाविकने. भाविक तलासरीचा, रेकॉर्डिंगचं काम त्याच्याकडे होतं. त्याने सांगितलं, "सहा ते पावणेसात पंडितजींनी ललत वाजवला. मी सामान गाडीत टाकून निघालो तेव्हा ते चांगले बसलेले होते." पुरावा म्हणून रेकॉर्डिंगही दिलं. पंडितजींचा मुलगा नविन मुंबईत होता. म्हणजे उरली पावणेसात ते सात, पंधरा मिनिटं, आणि आत गेलेला एकच माणूस.

शुक्रा एवढंच म्हणाला, "मी गेलो तवा म्हातारा थंड पडला होता."

"पंधरा मिनिटांत थंड?" फौजदार हसला. "बर्फावर ठेवला होता काय? आणि मुठीत काय होतं?"

"काय नव्हतं."

त्यापुढे शुक्राने तोंड उघडलं नाही, आणि जे त्याच्या पाठीवर झालं ते झालं. दहा महिने झाले, तो आतच होता.

त्याची बायको भिकी एकदा मैनाच्या दारात आली. मैनाला वाटलं, आता ही शिव्या घालणार, आणि घातल्या तर ऐकून घ्यायच्या. पण भिकी ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "मैनाबाय, माझ्या रूपीला फुरसं चावलं तवा तुझ्या वर्षाने तिला खांद्यावर टाकून डहाणूच्या दवाखान्यापर्यंत पळत नेली. तुमच्या घरचं वाईट मी कसं चिंतू? एकच सांग. तू बघितलं तेच बोललीस ना?"

"तेच बोलले गं."

"मग झालं," म्हणून भिकी उठली आणि गेली.

शिव्या परवडल्या असत्या. त्या दिवसापासून मैनाला घास गोड लागेना. कुणी विचारलं नाही तरी बाजारात सांगत सुटायची, "जे पाहिलं ते बोलले, यात माझं काय चुकलं?" लोक मान डोलवायचे आणि बोंबलाचा भाव विचारायचे.

घरातही काही बरं नव्हतं. वर्षा चार वर्षं पंडितजींकडे केरवारा आणि चहापाणी करायची. ते काम गेलं आणि पोर सुकून चालली. मासळीला हात लावीना. लिंबू नि राख घेऊन हात घासत बसायची, घासून घासून कातडी फाटली.

"लिंबांचं लोणचं घालतेस की हातांचं?" मैना ओरडायची. वर्षा हसायची नाही. दिवाळीपासून तर कानात मोबाईलच्या वायरी घालून बसायला लागली. काय ऐकतेस म्हटलं तर म्हणायची, "काही नाही, गाणी."

३

तुळशीचं लग्न झालं त्या आठवड्यात नविनने डहाणूत वडिलांच्या आठवणीची सभा ठेवली. गावाला आमंत्रण होतं. वर्षा येणार नाही म्हणाली. मैना गेली, कारण प्रेत तिनेच पाहिलेलं, न जाणं बरं दिसलं नसतं.

नविन पांढऱ्या झब्ब्यात उभा राहिला. आवाज कापरा, डोळे मात्र कोरडे. "बाबांच्या शेवटच्या श्वासाआधीची ही पहाट," तो म्हणाला. "आज सतरा देशांतले लोक ही डोळे मिटून ऐकतात. हॉलंडहून पत्रं येतात, की याच्यात मरणाची चाहूल ऐकू येते. ऐकू या, सातवी पहाट."

मोठ्या स्पीकरमधून वीणा सुरू झाली. मैनाला रागबिग कळत नव्हते, पण आवाज असा खालून, पोटातून येत होता की तिच्या अंगावर काटा आला. माणूस गर्विष्ठ होता, पण वाजवायचा हो! तिने पदर डोळ्यांना लावला.

आणि मग वीणेच्या मागचं पाणी तिच्या कानात शिरलं.

खिडकीखालच्या बांधाला पाणी लागत होतं. आळसावलेलं, हलकं, चुबुक करून थांबणारं, परत चुबुक. मैनाचा पदर डोळ्यांवरच राहिला. हे पुनवेचं पाणी नव्हतं.

समुद्रावर पोट असणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीची आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला सहाला भरती, आणि तीही भांगेची, बिनजोराची. पुनवेची पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुनवेला पाणी भरतं दुपारच्या तोंडाला आणि पहाटे असतं ते पार तिकडे, अर्ध्या कोसावर. त्या पहाटे मैना स्वतः त्या कोरड्या पडलेल्या चिखलात उभी होती. या रेकॉर्डमधलं पाणी खरं असेल तर त्या वेळी ती गळ्यापर्यंत बुडायला हवी होती.

एरवी मैना तिथेच उभी राहून ओरडली असती. पण मागच्या वेळी ती बोलली तर एक माणूस आत गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने जीभ दाताखाली धरली आणि सभा संपेपर्यंत गप बसली.

जाताना दारात नविनने हात जोडले. "मावशी, कसं वाटलं?"

"पाणी छान आलंय," मैना म्हणाली.

नविनचे जोडलेले हात क्षणभर तसेच राहिले. मग तो दुसऱ्या पाहुण्याकडे वळला.

४

दुसऱ्या दिवशी मैना एसटीने तलासरीला गेली. नाक्यावर भाविकचं दुकान, लग्नाच्या स्पीकरांनी भरलेलं.

"आवो मासी, बसो," भाविकने खुर्ची पुसली. "टोपलीत काय आहे? आमच्याकडे मासळी नाही चालत हां."

"रिकामी आहे रे बाबा. सवयीने उचलली." मैना बसली. "काल तुझं रेकॉर्ड ऐकलं. जीव लावून केलंयस. सातही दिवस एकेकच राग वाजवला का म्हाताऱ्याने?"

"एकेकच. पहिल्या दिवशी तेवढे दोन झाले." कामाचं कौतुक ऐकून भाविक फुलला. "अष्टमीला आधी दुसरंच सुरू केलं होतं. पाऊण तास वाजवलं आणि शेवटी तार उतरली. चिडले. म्हणाले, टाकून दे. मग भटियार वाजवला, तीच पहिली पहाट."

"आणि ते टाकलेलं काय होतं? ललत?"

भाविक हातातली वायर गुंडाळायला लागला, गुंडाळलेली परत सोडली.

"पोरा," मैना म्हणाली, "तू माणसांचे कान फसवलेस, हॉलंडचे फसवलेस. पाण्याला कसं फसवशील? पुनवेच्या पहाटे त्या खिडकीखाली पाणी नसतं. तुझ्या रेकॉर्डमध्ये आहे. अष्टमीचं आहे."

भाविकचा चेहरा असा पडला की मैनाला त्याची दया आली आणि लगेच स्वतःचाच राग आला.

"मी पावणेसहाला पोचलो," तो हळूच म्हणाला. "ते पडलेले होते. नाकाशी हात धरून पाहिला, श्वास नव्हता. मी नविनभाईंना फोन केला. ते थोडा वेळ रडले, खरंच रडले मासी. मग म्हणाले, सातवी पहाट नसेल तर करार राहत नाही, बाबांचं शेवटचं काम वाया जाईल. तुझ्याकडे अष्टमीचा ललत आहे ना, तार उतरते तिथपर्यंत घे. मग मी पावणेसातपर्यंत गाडीत बसून राहिलो, लोकांना गाडी दिसावी म्हणून. मला वाटलं, म्हातारा माणूस, पाय घसरला असेल. कुणाला काय फरक पडतो एका तासाने?"

"शुक्राला पडला."

"तो आत जाईल हे मला काय माहीत! आणि एकदा सांगून बसलो, मग मागे कसा फिरू?"

"त्याला कोंडून दहा महिने झाले, भाविक. आता मात्र फिरायचं." मैना उठली. "कोर्टात तू बोल. नाही बोललास तर मी याच नाक्यावर उभी राहून बोलेन. माझा आवाज तुझ्या स्पीकरांना भारी आहे."

भाविकने होकाराची मान हलवली. मैनाला दहा महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली, आणि तिने नाक्यावर उभ्याने दोन वडे खाल्ले.

५

चार दिवसांनी डहाणूच्या कोर्टात शुक्राची तारीख होती. आवारात झाडाखाली दोन हवालदारांच्या मधे तो उकिडवा बसला होता. चिकूच्या शेंड्यापर्यंत चढणारा गडी, आता मनगटावर बेडी सैल झाली होती. मैनाने हवालदाराला गयावया केली आणि शुक्राच्या समोर बसली.

"शुक्रा, तू सुटलास रे! म्हातारा पावणेसहाच्या आधीच मेला होता. तू म्हणालास ते खरं होतं, थंड होता तो. आणि त्या वेळी तू कुठे होतास?"

"घोलवडला. चिकू भरत होतो. चारपासून साडेसहापर्यंत."

"बघ! मुकादम सांगेल, नऊ मजूर सांगतील. मला माफ कर रे बाबा, माझ्या तोंडाने..."

ती बोलतच होती, पण शुक्राच्या तोंडावर आनंद काही येईना. उलट तो घाबरला. इतकी मारहाण झाली तेव्हा कुणी त्याला घाबरलेला पाहिला नव्हता.

"मैनाबाय, गप रहा," तो म्हणाला. "तू एकदा बोललीस, तेवढं पुरे."

"अरे वेड्या, सुटशील तू!"

"गेलं ते पाणी जाऊ दे. मागं आणू नको. तुझ्या पाया पडतो."

"का पण? मुठीत काय होतं तुझ्या?"

शुक्राने नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती, कीव केल्यासारखी होती. मग पुकारा झाला, आणि हवालदाराने त्याला उठवलं.

६

शुक्राला सरकारने दिलेल्या वकील म्हणजे जयश्री मॅडम. तरुण, टापटीप, ऐकताना मधे न बोलणारी बाई. त्याच संध्याकाळी मैनाने त्यांच्या टेबलावर पंचांग ठेवलं आणि तिथी, पाऊणपट, भांगेचं पाणी, भाविकचं बोलणं, सगळं ओळीने सांगितलं.

मॅडमनी मोबाईलवर रेकॉर्ड लावून ऐकलं, पंचांग पाहिलं, परत ऐकलं. "कमाल आहे हो," त्या म्हणाल्या. "सतरा देशांत लोकांनी हे पाणी ऐकलं आणि कुणाला कळलं नाही."

"त्यांना कुठे शिंपल्या वेचायच्या असतात?"

मॅडम हसल्या. "शुक्रा सुटला समजा. पाचच्या सुमारास तो घोलवडला होता, साक्षीदार नऊ." मग पेन उघडून कागद ओढला. "आता समोरून पुढचा प्रश्न येईल, तो आपणच आधी सोडवू. पावणेसहाच्या आधी बंगल्यात कोण होतं? नविन मुंबईतल्या घरच्या फोनवर बोलला, तो नाही. भाविकची गाडी साडेपाचला तलासरीकडच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात आहे, तो नाही. आणि नुसता पाय घसरला असता तर वीणेचा भोपळा अंगाच्या पलीकडे जाऊन फुटला नसता, ओढाताण झालेली दिसते. पंडितजी एकटे राहत. एवढ्या पहाटे त्यांच्याकडे कोण जायचं?"

"पाचला त्यांना आल्याचा काढा लागायचा," मैना सवयीने बोलून गेली. "वाजवायला बसण्याआधी. त्याच्याशिवाय..."

"कोण द्यायचं करून?"

भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. तिला ते घड्याळ ऐकू आलं, बाहेरची रिक्षा ऐकू आली, आणि दहा महिन्यांपूर्वी जे ऐकू आलं नव्हतं तेही आलं. वर्षाच्या हातात डझनभर काचेच्या बांगड्या असायच्या. अंधारात ती यायच्या आधी त्या बांगड्या यायच्या. त्या पहाटे बांगड्या वाजल्या नव्हत्या.

नवी साडी. लिंबं. आणि शुक्राची मिटलेली मूठ, विहिरीकडे गेलेली.

"मावशी? कोण द्यायचं काढा?"

"आठवून सांगते," मैना म्हणाली. साठ वर्षांत एवढं धडधडीत खोटं ती पहिल्यांदा बोलली.

७

वर्षा मागच्या पडवीत बसली होती, कानात वायरी, पुढ्यात कापलेलं लिंबू. मैनाने एक वायर तिच्या कानातून काढून आपल्या कानाला लावली. ललत. मागे चुबुक, चुबुक.

"बांगड्या कुठे फुटल्या वर्षा?"

वर्षाने मोबाईल बंद केला नाही. ललत चालू ठेवूनच ती बोलायला लागली. एकदा सुरू झाली तशी थांबेना.

"चार वर्षं ऐकून ऐकून माझ्या बोटांत बसलं होतं, आये. त्यांची बोटं सुजली की दुपारी मला तारा लावायला सांगायचे. मग वाजव म्हणायचे. बोटं चांगली आहेत तुझी, म्हणाले होते. सातव्या पहाटेला सुरुवातीचे चार सूर तू लाव, असं स्वतः म्हणाले. मी खरं धरलं. त्या दिवशी दोनदा साबण लावून न्हाले, नवी साडी नेसले. काढा दिला आणि वीणेला हात लावला, तर हात झटकला त्यांनी. म्हणाले, हाताला बोंबलाचा वास येतोय, हे रेकॉर्ड जगभर जायचंय. मी म्हटलं, पंडितजी, रेकॉर्डमध्ये वास कुठे येतो? तर म्हणाले, मला येतो."

मैनाने खाली पाहिलं. तो वास तिचा होता. त्याच वासावर तिने ही पोर वाढवली होती, शाळेत घातली होती.

"मी वीणा सोडली नाही," वर्षा म्हणाली. "ते ओढत होते, मी ओढत होते, त्यातच बांगड्या फुटल्या. मग मी एकदम सोडली. ते मागे गेले. डोकं आपटलं. डोळे उघडे होते, आये, मला वाटलं नुसते बेशुद्ध झाले. मी पळाले."

"आणि शुक्राला आत सडू दिलंस? ज्याच्या पोरीला तू खांद्यावर नेलीस त्याला?"

"मला ठाऊक नव्हतं!" वर्षा किंचाळली. "त्या रात्री मी सांगायलाच निघाले होते. तेवढ्यात भाविकने फौजदाराला सांगितल्याचं कळलं, की पावणेसातपर्यंत ते वाजवत होते. मला वाटलं, माझ्यानंतर ते उठले. उठले, बसले, वाजवलं, आणि मग शुक्राने रागात काहीतरी केलं. मी देवाचे आभार मानले गं! रेकॉर्ड आल्यापासून रोज ऐकते. ते वाजवतायत म्हणजे माझ्या हातून मेले नाहीत."

"आणि हे पाणी?" मैनाने विचारलं. "तू तांडेलाची पोर. हे पाणी कधीचं ते तुला कळलं नाही?"

वर्षाने लिंबाची फोड उचलली, परत ठेवली. "वीणा ऐकायची, आये. पाणी ऐकायचं नाही, असं ठरवलं होतं."

मैनाने पोरीला जवळ ओढली. दोघी रडल्या, शेजारी ऐकतील याची लाज न बाळगता रडल्या. मैनाच्या मनात आलं, गप बसावं. शुक्रानेच हात जोडलेत. बांगड्यांचे तुकडे वेचून त्याने विहिरीत टाकले, मार खाल्ला, नाव घेतलं नाही. तो गप, आपण गप, समुद्र तर गपच असतो. भिकीला रोज मासळी देऊ, रूपीला शिकवू. मग भिकीचं ते वाक्य आठवलं. तू बघितलं तेच बोललीस ना?

"तू काय करणार आये?"

"मला काय माहीत!" मैना म्हणाली. "मला मरण का येत नाही ते मला माहीत नाही."

८

पुढची तारीख पंधरा दिवसांनी होती. भाविक बोलला. घोलवडचा मुकादम बोलला. नविन आला नाही, त्याचा वकील आला. मैनाला उभं केलं तेव्हा ती भरती सांगत गेली, ओहोटी सांगत गेली, आणि पाचला काढा कोण द्यायचं असं विचारल्यावर तिने उत्तर दिलं. न्यायाधीशांना ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मैना तांडेलला कुणीतरी मोठ्याने बोला म्हणालं.

ती परत बोलली. पिंजऱ्यातल्या शुक्राने कपाळाला हात लावला.

भिकी बाहेर झाडाखाली रूपीला घेऊन बसली होती. तिला आत काय झालं ते कुणीतरी अर्धंच सांगितलं, नवरा सुटतोय एवढंच. मैना पायऱ्या उतरून येते तोच ती धावली आणि भर आवारात तिच्या पायांवर पडली.

"मैनाबाय, तुझ्या लेकीचं सोनं होवो! तू माझं घर परत दिलंस!"

मैनाने तिला उठवलं.

भिकी डोळे पुसत इकडेतिकडे बघायला लागली. "वर्षा कुठाय गं? सकाळी तुझ्यासंगं आलेली बघितली. तिला मी स्वतःच्या तोंडानं सांगते."

मैनाने मागे कोर्टाच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे दोन महिला पोलिसांच्या मधे वर्षा उभी होती.